दाजीबा मास्तरांची जाजम

इंदापूरहून येणारी सर्व्हिस मोटार आमच्या दारावरून रोज जाते, पण थांबत कधी नाही. त्या सोमवारी ती थांबली. हातातला भाकरीचा तुकडा तसाच ठेवून मी बाहेर आलो, तर ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, "पाळकसाहेब, मास्तर वारलं. काल. देवळातच." मी विचारलं, "कोण मास्तर?" जसं काही इंदापुरात मला दहा मास्तर होते! आज पाच आठवडे झाले. बारामतीच्या बाजारात कोणी पांढरा रुमाल बांधून पाठमोरं चाललेलं दिसलं की माझे पाय अजून त्याच्या मागे चार पावलं जातात, आणि मग मी ओशाळून परततो.

विश्वास बसावा तरी कसा? आठच दिवस आधी ते माझ्या ओसरीवर बसले होते. शाळेसाठी पाट्या घ्यायला बारामतीला आले होते. दोन भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि नेहमीची थट्टा... "नाव शमुवेल, आणि हाक मारली तर याला तिसऱ्यांदा बी ऐकू येत न्हाय!" बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला देवानं रात्री पुन्हा पुन्हा हाक मारली होती, तिच्यावरची ही थट्टा. त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात एक अर्ज होता. कालव्याच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती आणि पाळकाचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूचं, काम सोडून तिथं चिकटायचं मी ठरवलं होतं. ते मास्तरांना सांगायचं होतं. का सोडतोय तेही सांगायचं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. मोटारीपर्यंत पोचवायला गेलो तेव्हा पाट्यांचं गाठोडं मांडीवर घेत ते म्हणाले, "शमुवेला, काय बोलायचं ऱ्हायलंय का?" मी म्हणालो, "नाही, मास्तर." "बरं. पुढल्या खेपेला बोल." पुढली खेप आलीच नाही.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंदापूरची आमची ख्रिस्ती मंडळी तीसेक घरांची. मातीच्या भिंतींची एक लांबट खोली, सहा दिवस ती शाळा आणि रविवारी आमचं देऊळ. दोन्हीकडे मास्तर एकच. पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार शास्त्र वाचणं, उपदेश, प्रार्थना, सगळं दाजीबा मास्तरांकडे. पण त्यांचं खरं काम निराळंच होतं. देवाच्या सेवेसाठी माणसाला हाक येते, तिला आम्ही पाचारण म्हणतो. ही हाक कुणाला आली आहे हे त्या माणसाच्या आधी मास्तरांना कळायचं, असं सगळे म्हणत. त्या एवढ्याशा मंडळीतून त्यांनी चार पाळक आणि दोन नर्सा घडवल्या. इतर ठिकाणी गोड गळ्याचा किंवा स्तोत्रं घडाघडा म्हणणारा निवडतात. मास्तर म्हणत, "गाणाऱ्याला लोक बघत्यात, म्हणून त्यो गातो. उपासना संपल्यावर कोन काय करतंय ते बघावं."

उपासना संपल्यावर काय असायचं? जाजम. सगळे खाली बसत ती लांबलचक, लाल पट्ट्यांची जाजम. ती उचलून झटकून घडी घालून ठेवली नाही तर शेळ्या आत शिरून तिचे काय हाल करीत ते सांगायला नको. पण ती कोणी उचलायची हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही. ते दारात उभे राहून एकेकाला सलाम करीत, विचारपूस करीत. लोक गेले की मागे वळत, तोवर जाजम कोपऱ्यात चौपदरी घडी होऊन बसलेली असायची. ती घडी माझी थोरली बहीण रूथ, आमची आक्का, घालायची. वर्षानुवर्षं.

तीस सालचा उन्हाळा असेल. मी सतरा वर्षांचा, आक्का वीसची. वडील नव्हते, आईची दृष्टी अधू झालेली. एका रविवारी आक्काला ताप भरला आणि ती म्हणाली, "आज माझ्याऐवजी जाजम तू उचल." मी कुरकुरत गेलो, उपासनेनंतर कशीबशी जाजम ओढली, झटकली, दोन पदरी दुमडली. एक टोक बाहेर लोंबत राहिलं. नेमके त्याच दिवशी मास्तर लवकर मागे वळले. माझ्याकडे बघितलं, जाजमीकडे बघितलं. तीन दिवसांनी घरी येऊन आईला म्हणाले, "शमुवेलला धर्मशिक्षणाच्या शाळेत पाठवावं म्हणतो."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की मास्तर, तुमची चूक झाली, दर रविवारी जाजम उचलते ती आक्का, मी नव्हे. पण पुण्याकडची शाळा, पुस्तकं, पायात जोडे... मी गप्प बसलो. आठ वर्षं गप्प बसलो. दीक्षेच्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हाही गप्प. बारामतीच्या मंडळीत उपदेशाला उभा राहिलो की मला वाटायचं, दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडून वाचतोय. शेवटी ते सहन होईना म्हणून तो अर्ज लिहिला.

सोमवारी संध्याकाळी इंदापूरला पोचलो तर माती झाली होती. उन्हाळ्यात कोण थांबवणार! रविवारी आशीर्वाद देऊन मास्तर दारात सलाम करायला उभे राहिले, तिसऱ्या-चौथ्या माणसाचा हात हातात असतानाच खाली बसले, आणि संपलं. लोक हे मला पुन्हा पुन्हा सांगत होते आणि माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. मास्तरीणबाई चुलीजवळ बसल्या होत्या, शेजारी आक्का. त्यांना बघितलं आणि माझा बांध फुटला. मास्तरांना सांगायचं होतं ते सगळं मी त्यांनाच सांगून टाकलं. जाजम, ताप, आठ वर्षं, अर्ज. मास्तरीणबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "त्यास्नी म्हाईत हुतं की."

"काय माहीत होतं?"

"आक्काची घडी काय त्यास्नी वळखू येत न्हवती व्हय? त्या दिशी घरी आलं, लई हसलं. म्हनलं, पोरानं घडी वाकडी घातली. पर घातली."

मी आक्काकडे पाहिलं. ती राखेत काटकीनं रेघा ओढत होती. म्हणाली, "मास्तर आदी माझ्याकडंच आलं हुतं. तू रानात हुतास. मला इचारलं, घरोघर शास्त्र सांगनाऱ्या बायबलबाईंच्या शाळंत जातीस का. मी म्हनलं, आईला कोन बघंल? त्याला न्या. आज एकदा केलंय, पुन्यांदा बी करंल. आन् त्याला सांगू नगा, म्हनलं, न्हायतर जायाचा न्हाय."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? ताज्या मातीखालच्या माणसाचा राग आला, आक्काचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. आठ वर्षं मी ज्याला फसवत होतो तो मला पहिल्या दिवसापासून ओळखून होता, आणि जिची जागा मी घेतली तिनं ती स्वतः उठून मला दिली होती! मी म्हणालो, "म्हणजे पाचारण तुला होतं, आक्का. मला नव्हतंच." ती फटकन म्हणाली, "मला हुतं. तुला न्हवतं हे कुनी ठरीवलं? मास्तरांनी तर न्हाय." मास्तरांनी तिचं ऐकायला नको होतं, आणखी काही वाट काढायला हवी होती, असं मला आजही वाटतं. त्यांच्यावर माझा एवढा जीव आहे म्हणूनच हे इथं लिहितो.

पुढचा रविवार इंदापूरला मीच चालवला. आशीर्वाद दिला, दारात उभा राहिलो, सगळ्यांना सलाम केला आणि मागे वळलो. जाजम तशीच पसरलेली. कोणी हात लावला नव्हता, मास्तरांच्या बसायच्या जागेला तर कोणी पायही लागू दिला नव्हता. मी एक टोक उचललं. एकट्यानं ती नीट झटकली जात नाही हे मला आठ वर्षांपूर्वीच कळलं होतं. आक्कानं दुसरं टोक धरलं. झटकता झटकता मी विचारलं, "आई माझ्याकडं राहील. तू जाशील का आता शाळेला?" धुळीतून तिचा चेहरा दिसेना. आवाज तेवढा आला, "टोक सोडू नगंस. आदी घडी घाल."

जूनमध्ये ती जाणार आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी! आई गेल्या आठवड्यातच माझ्याकडे आली, आता भिंतीला हात लावत माझं घर पाठ करते आहे. अर्ज मी चुलीत घातला.

बारामतीच्या आमच्या देवळातही जाजम आहे, मास्तरांच्यापेक्षा बरी. दोन वर्षं ती कोण उचलतं हे मी कधी पाहिलं नव्हतं, इतका मी माझ्यातच होतो. आता दारात सलाम करता करता माझी मान आपोआप मागे वळते. परवाच्या रविवारी ती जरा लवकरच वळली. भाजी विकणाऱ्या मार्थाबाईची तारा एकटीच जाजमीशी झुंजत होती. मला बघून ती लाजून पळाली. घडी वाकडी होती, एक टोक बाहेर लोंबत होतं. मी ते आत सारलं नाही. उद्या तिच्या घरी जायचं आहे. तिलाही एक भाऊ आहे, पण शाळेला जातेस का हे त्याला नाही, तिलाच विचारायचं आहे.