लारसच्या सरळ ओळी

आमचा लारस खोटं बोलतो तेव्हा त्याचा डावा कान लाल होतो. पंचाहत्तर वर्षांचा घोडा झाला तरी. सास्काटूनच्या विमानतळावर रान्वेगची बॅग गाडीत टाकता टाकता तो म्हणाला, "आलीच आहेस एवढ्या लांब, तर आधी थोडा मुलूख बघून घे. शेत काय पळून जातंय?" तेव्हाच मी त्याच्या कानाकडे बघितलं. पिकलेल्या टोमॅटोसारखा.

मी स्वावा, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून विन्यर्ड गावात एकटी राहते. लारस अजून शेतावरच्या घरात राहतो, आजोबांनी बांधलेल्या. रान्वेग आइसलंडची. तिची आजी आणि आमचे आजोबा सख्खी भावंडं. शहात्तर वर्षांची आहे, सगळा जन्म बंदरावर मासळी तोलण्यात गेला, त्यामुळे बोलणं मोजकं आणि नजर काट्यावर. माझी आइसलंडिक भाषा आजीच्या स्वयंपाकघरात शिकलेली, तीही गंजलेली. मी बोलले की रान्वेगला हसू यायचं, पण ते ती गिळायची. असं गिळणं लारसला आयुष्यात कधी जमलं नाही.

ती आली होती एका कबरीसाठी. तिची आजी आणि आमचे आजोबा एकाच बोटीनं आइसलंडहून इकडे आले होते, शेजारी शेजारी जमीन घेतली होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या आजीची मुलगी तापानं गेली, सात महिन्यांची. तेव्हा इथं चर्च नव्हतं की स्मशान नव्हतं, शेतातच पुरली. दोन हिवाळे काढून ती आजी नवऱ्याबरोबर परत गेली. जाताना जमीन भावाच्या हाती देऊन एवढंच म्हणाली, "तिच्याभोवतीनं नांगर फिरव, तिच्यावरून नको." आजोबांनी तळ्याकाठचा एक चपटा दगड आणून त्यावर छिन्नीनं नाव कोरलं, चार बाजूंना झुडपं लावली, आणि मरेपर्यंत भोवतीनं नांगर फिरवला. वडिलांनी ट्रॅक्टर भोवतीनं फिरवला. मी जन्मले तेव्हा माझं नाव त्या मुलीवरूनच ठेवलं. आमच्यात तशी रीतच आहे, गेलेल्याचं नाव वाया घालवत नाहीत.

मग शेत लारसच्या हातात आलं.

लारसला आयुष्यात एकच गोष्ट येते, सरळ ओळीत पेरणी. त्यावर त्यानं जन्मभर नाकानं कांदे सोलले. रविवारी दुपारी गाडी काढायची, ताशी तीसच्या वेगानं दुसऱ्यांच्या शेतांवरून फिरायचं आणि कुणाची ओळ कुठे वाकली ते बघून सोमवारी कॉफीच्या दुकानात गावभर करायचं. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं चाळीस फुटी पेरणी यंत्र घेतलं. एवढं धूड चार झुडपांभोवती वळवायचं म्हणजे ओळीला पोट येणार, आणि ते पोट रस्त्यावरून दिसणार. एका सकाळी त्यानं झुडपं उपटली, दगड उचलून बाकीच्या दगडांबरोबर शेताच्या कडेच्या ढिगावर टाकला आणि कबरीवरून सरळ पेरत गेला. मी त्याचं दुपारचं जेवण घेऊन शेतावर गेले होते. बघितलं आणि गप्प बसले. पेरणीच्या दिवसांत पुरुषांशी बोलून उपयोग नसतो, अशी मी माझी समजूत घातली.

आता त्या कबरीला भेटायला माणूस आलं होतं, आणि आमचे हे सरळ ओळीवाले महाराज तिला शेत सोडून सगळीकडे फिरवत होते.

पहिल्या दिवशी अल्बर्टापर्यंत नेलं. मातीचे कोरडे पट्टेदार डोंगर दाखवले, प्रत्येक डोंगर स्वतः बांधल्यासारखा. वाटेत समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम. आमच्याकडे सगळेच करतात, पण लारस ते असं उचलतो की जणू समोरच्याला जमीन दान दिली. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे. गहू, मसूर, मोहरीच्या जातीचा कनोला, मधे एखादं धान्याचं उंच कोठार, पुन्हा गहू. दर दहा मैलांनी, "ही ओळ बघितलीस? दारू पिऊन पेरलंय." रान्वेग बघायची. तिला ओळी सरळच दिसत असणार, पण ती म्हणायची, "हं." तिसऱ्या दिवशी मूस जॉ गावातलं ते सांबराच्या राक्षसी पुतळ्याचं धूड. लारसनं तिला त्याच्या पायाशी उभं करून फोटो काढला. फोटोत पुतळ्याचे पायच आले, रान्वेगचं डोकं कापलं गेलं.

रोज सकाळी मोटेलमध्ये कॉफी पिताना रान्वेग साखरेचा खडा दातांत धरायची, त्यातून कॉफी ओढायची आणि मग विचारायची, "आज कबरीकडे?" आणि रोज लारसकडे नवं कारण तयार. एके दिवशी तिकडे पाऊस झालाय, चिखलात गाडी रुतेल. पुढच्या दिवशी रस्त्याचं काम चाललंय. कान लाल, आवाज ठणठणीत.

मला त्याची इतकी शिसारी आली की काय सांगू. मागच्या सीटवर बसून मी त्याच्या मानेवरच्या वळ्या मोजायचे आणि मनात म्हणायचे, भित्र्या, चूक केलीस तर तोंड उघड. मी असते तर पहिल्या दिवशी विमानतळावरच सांगून टाकलं असतं. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा त्याला पंपामागे गाठून ऐकवलंसुद्धा. म्हटलं, बाईला फसवतोयस, लाज वाटत नाही? खाली बघत म्हणाला, "सांगतो गं, योग्य वेळ येऊ दे." अडतीस वर्षांत न आलेली वेळ आता मूस जॉमध्ये येणार होती.

जेवणाची सोय मात्र माझी चोख होती. मी रुल्लुपिल्सा करून नेली होती. मेंढीच्या पोटाचं मांस मिरी-लवंग-मीठ लावून गुंडाळायचं, दोऱ्यानं घट्ट बांधायचं, मुरवायचं, शिजवायचं आणि जड दगडाखाली दोन दिवस दाबून ठेवायचं. मग सुरीनं पातळ काप, काळ्या पावावर. गावात माझ्यासारखी कुणालाच जमत नाही, आणि हे मी नाही, गावच म्हणतं. रान्वेग चारही दिवस आवडीनं खात होती. आपल्या आजीच्या हातची आठवते म्हणाली. बाकीच्यांची कापताना सुटते, तुझी इतकी घट्ट कशी, म्हणून विचारलं तेव्हा मी म्हटलं, सगळं दाबण्यात आहे. दगड चपटा लागतो. वर्षानुवर्षांचा आहे माझा.

तिसऱ्या संध्याकाळी लारसच्या घरी पोहोचलो. आता पळायला मुलूखच उरला नाही. चौथ्या दिवशी सकाळी कॉफी झाल्यावर लारस गंभीर चेहरा करून म्हणाला, "चल, तुला कबर दाखवतो. म्हणजे, जिथं होती ती जागा."

घरापासून उत्तरेला दोन मैलांवर रस्ता सरळ तळ्यात जातो. क्विल तळं गेली दहा वर्षं वाढतंय, खारं पाणी, कितीतरी लोकांच्या जमिनी गेल्यात. कुंपणाचे खांब पाण्यात अर्धे बुडालेले दिसतात, मेलेली झाडं पांढरी पडलेली. लारसनं पाण्याच्या कडेला गाडी थांबवली, टोपी काढून छातीशी धरली आणि तळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथं होती. पाण्यानं नेली. आपल्या हातात काय असतं?"

मी खरंच थक्क झाले. या माणसानं तळ्यावर आळ घेतला होता.

रान्वेग खाली उतरली. पाण्याकडे एकदा बघितलं. तिच्या आजीकडे असलेला, घडीवर पिवळा पडलेला एक फोटो तिनं पर्समधून काढला. एकसष्ट साली विमानातून शेतांचे फोटो काढून विकणारा एक जण आला होता, तेव्हा वडिलांनी एक प्रत तिच्या आजीला पाठवली होती. आमच्याकडे तोच फोटो चौकटीत भिंतीवर आहे, तसा तो प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतो. रान्वेगनं तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि बोट ठेवत ठेवत बोलली, मासळी तोलल्यासारखं.

"हे वर तळं. हे मधे घर. ही खाली, शेतात, चार झुडपं. पाणी वरून आलं, लारस. कबर बुडायची तर आधी घर बुडायला हवं. मी आज सकाळी त्या घरात कोरड्या पायांनी कॉफी प्यायले."

लारसचा कान लाल झाला नाही. पांढरा पडला. आता बोलायला खोटंच शिल्लक नव्हतं. तो टोपी घालायचीही विसरला. गाडी वळवली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून परत आला, वाटेत एक गाडी भेटली तर बोटही उचललं नाही. घर मागे टाकून दक्षिणेकडच्या शेतापाशी थांबला. कनोला फुलावर होता, छातीपर्यंत पिवळा. लारस उभ्या पिकात शिरला. हे मी त्याला कधी करताना बघितलं नव्हतं, लहानपणी आमचा चेंडू पिकात गेला तरी हा आणायला द्यायचा नाही. रस्त्यापासून पावलं मोजत गेला, एकदाही न अडखळता, आणि थांबला.

"इथं," तो म्हणाला. "मी वरून पेरलं. ओळ सरळ यावी म्हणून."

रान्वेग त्याच्यामागून पिकातून वाट काढत गेली. तिथं उभी राहिली. काही म्हणेल असं मला वाटलं, शिव्या देईल, निदान रडेल. मला ते हवंच होतं, खोटं कशाला बोलू. चार दिवस वाट बघत होते मी. तिनं फक्त विचारलं, "दगड होता ना? आजी म्हणायची, भावानं नाव कोरलंय."

लारसनं शेताच्या कडेच्या ढिगाकडे हात केला. शंभर वर्षांत नांगराला लागलेले सगळे दगड तिथं टाकलेले, माणसाच्या उंचीचा ढीग, कडेनं गवत माजलेलं. रान्वेग तिकडे गेली. अंगातलं जाकीट काढून गवतावर ठेवलं, बाह्या सारल्या आणि पहिला दगड उलटा केला. बघितला, बाजूला ठेवला. दुसरा उलटा केला.

लारसही गेला. गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये न वाकणारा माणूस खाली बसला आणि दगड उलटे करायला लागला. ऊन तापलं होतं, डास चावत होते. रान्वेगच्या बोटाचं नख तुटलं, तिनं ते तोंडात धरलं आणि पुन्हा काम सुरू केलं. मी गाडीला टेकून उभी होते, हातात पावांचा डबा. अर्धा तास तरी मी ते बघत उभी राहिले. योग्य वेळ येऊ दे, असं मलाही वाटत होतं बहुतेक.

शेवटी रान्वेगला एक मोठा दगड उचलवेना आणि तिनं मला हाक मारली, "स्वावा, जरा हात दे."

"तो तिथं नाहीये," मी म्हटलं. "माझ्या स्वयंपाकघरात आहे."

अठ्ठ्याहत्तर सालीच मी तो ढिगावरून उचलून घरी नेला होता. वाचवायला नेला होता. चार दिवसांनी लारसला फटकारायचं आणि दगड परत जागेवर ठेवायला लावायचं, असं ठरवलं होतं. चार दिवस ओट्याजवळ ठेवला. मग मांस दाबायला काही हवं होतं. चपटा, वजनदार, भांड्यात अगदी बरोबर बसणारा. अक्षरं खाली गेली की दिसतही नाहीत.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. रान्वेगनं माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. लारस गुडघ्यांवर हात टेकून उठला. मला वाटलं आता हा ऐकवेल, पंपामागचं सगळं व्याजासकट परत करेल. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं रान्वेगचं जाकीट झटकून तिला दिलं, गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "चला, आणू या."

माझ्या घरी दगड भांड्यातच होता, वर धुतलेलं फडकं घातलेलं. लारसनं तो टेबलावर आणून पालथा केला. मी गरम पाणी ओतलं, साबण लावला, ब्रशनं घासला. चरबी निघाली, पण कोरलेल्या खाचांत अडतीस वर्षांचं घट्ट बसलं होतं, काळं, तुपकट, त्यात मिरीचे तुकडे. ब्रश तिथं पोहोचेना. रान्वेगनं केसांतली पिन काढली. खुर्ची ओढून बसली, चष्मा नाकावर खाली केला आणि पहिल्या अक्षरापासून एकेक खाच कोरून साफ करायला लागली. पिनेच्या टोकावरची घाण ती दर वेळी कागदावर पुसायची. स्वयंपाकघरात लवंगेचा वास सुटला. लारस खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी ब्रश हातात धरून उभी होते.

शेवटचं अक्षर मोकळं झालं तेव्हा तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि नाव मोठ्यानं वाचलं.

"स्वावा."

आणि मी सवयीनं ओ दिली.