हरीओमनं पुसलेलं लग्न

मेडशीच्या बसस्टँडसमोर गफ्फारभाईंचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याला लागून माझं बी-बियाण्यांचं दुकान. त्यामुळे हरीओमचा सगळा पराक्रम मला समोर बसून पाहायला मिळाला.

हा आमच्याच गावचा पोरगा. पुण्याची नोकरी सोडून आला, की त्याला काढलं, हे त्यालाच ठाऊक. जगभरची माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात आणि फुकट वाटतात, त्यात हा होता. तिथलं त्याचं काम म्हणजे मदतीच्या पानांवरच्या स्पेलिंगच्या चुका सुधारणं. पानटपरीवर मात्र असा बोलायचा, जणू कॉम्प्युटर यानंच जन्माला घातला.

गफ्फारभाईंच्या कॉम्प्युटरवर त्यानं तीच सिस्टीम बसवून दिली. पुढं मशीन रडायला लागलं. फोटो सेव्ह करायला लावला की गफ्फारभाई माझ्याकडे चहाला येत. कारण साधं होतं. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कला, फाइल पुसली की 'ही जागा रिकामी झाली' असं कळवावं लागतं. त्या हुकमाला ट्रिम म्हणतात. तो मिळाला नाही, तर डिस्क पुसलेल्या फाइलींचं ओझंही जपत बसते आणि मंदावते. या सिस्टीममध्ये डिस्क चालवणारा जो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम होता, त्याला हा हुकूम देताच येत नव्हता.

"त्यात काय हाये! मी टाकून देतो ट्रिम," हरीओम म्हणाला.

त्यानं लिहिलेलं सगळ्यांनी तपासावं म्हणून इंटरनेटवर ठेवलं. ते वाचून गफ्फारभाईंच्या भाचीचा, अनिसाचा फोन आला. ती कारंज्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि याच सिस्टीमसाठी कामही करते. फोन स्पीकरवर होता.

"हरीओमभाऊ, मामूच्या डिस्कचे दोन भाग हायेत. दुसऱ्या भागातली जागा त्या भागाच्या सुरुवातीपासून मोजलेली असते. डिस्क मोजते आपल्या पहिल्या टोकापासून. भाग कुठून सुरू होते, तो आकडा तुमी मिळवलाच नाही. दुसऱ्या भागातलं पुसाल, तं पहिल्या भागातलं जाईन."

"माह्या लॅपटॉपवर बरोबर चालून राह्यलं."

"तिथल्या डिस्कले भागच नाहीत, म्हणून."

"पोट्ट्यायले एक्सेल शिकवणं वेगळं, मॅडम, अन् ड्रायव्हर लिहिणं वेगळं." असं म्हणून यानं फोन कापला आणि आमच्याकडे पाहून हसला. त्याला वाटलं, आम्हीही हसू.

मग त्यानं तो ड्रायव्हर गफ्फारभाईंच्या मशीनवर चढवला. गफ्फारभाई भिडस्त. पोरगं मेहनत करून राह्यलं, म्हणून त्यांनी चढवू दिला. दुसऱ्या भागात चालू कामाचे तुकडे असत, ते त्यांनी नेहमीसारखे पुसले. मशीन खरंच पळायला लागलं. हरीओमनं पेढे मागितले, आणि खाल्लेही.

धनजच्या जानरावांच्या निकिताच्या लग्नाचे फोटो डिस्कच्या पहिल्या भागात होते. अल्बम करायला घेतला, तेव्हा नवरीच्या कपाळाखाली नुसता करडा पट्टा. पुढचा फोटो तसाच. त्यापुढचे उघडेनातच. चुकून पुसलेलं एरवी कधीकधी परत काढता येतं, पण ट्रिम झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. कॅमेऱ्याच्या कार्डावर तोवर दुसरं लग्न चढलं होतं.

"डिस्कच बोगस हाये तुमची," हरीओम म्हणाला.

"मंग धनजले चाल माह्यासंगं. त्यायले तूच सांग."

"मी कायले येऊ? मी टेक्निकल माणूस. लोकायशी बोलणं माहं काम नाही."

गफ्फारभाई एकटे एसटीनं गेले. जानराव खूप बोलले, निकिता रडली. गफ्फारभाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो घरोघर मागून आणले आणि त्यांतून अल्बम करून दिला. हरीओमचं नावसुद्धा त्यांनी तिथं घेतलं नाही. मी असतो, तर त्याचा फोटो दाखवला असता.

अनिसानं तो ड्रायव्हर नव्यानं लिहिला, भाग पाडलेल्या डिस्कवर तपासला आणि सिस्टीममध्ये तोच घेतला गेला. ते हरीओमला कळलं, तेव्हा तो टपरीवर सांगू लागला, "सुरुवात मी केली होती. आता जगभर चालून राह्यलं."

परवा तो माझ्या दुकानात आला. खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर सोयाबीनची थैली ठेवली.