इगाची आई

पोलंडमधल्या लुब्लिनच्या मेलान्या सोविन्स्काबाईंना खरं तर लांडगे काढायचे होते. लांडगे, चेटकिणी, दात विचकणारी झाडं. चित्रकला शिकून आल्या तेव्हा त्यांचं कपाट असल्याच चित्रांनी भरलेलं होतं. पण सरकारी प्रकाशनगृहाने पहिलं काम दिलं ते पहिलीच्या वाचनपुस्तकाचं, आणि त्यातली इगा नावाची मुलगी काढायला बाईंनी आपल्याच सात वर्षांच्या लेकीला, कालिनाला, स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. तिथेच त्या अडकल्या.

पुस्तक देशभरच्या शाळांत गेलं. मग आवृत्त्यांवर आवृत्त्या. दर खेपेला संपादक सेवेरिन फर्मावत, "इगाचा कोट नव्या फॅशनचा हवा. वेण्यांना मात्र हात लावायचा नाही हं!" लांडग्यांचं नाव काढलं की हसत. "अहो बाई, इगा काढणाऱ्या हाताने चेटकीण? पोरं दचकतील!" बाई मुकाट्याने घरी येत आणि इगाला नवा कोट चढवत. एकतीस वर्षं हेच. इगा नाकारली तर दुसरं काम देतंय कोण?

इकडे कालिना मेटाकुटीला आली होती. ती नेमकी झाली पहिलीची शिक्षिका, आणि शिकवायचं तेच पुस्तक. आईच्या नामदिवसाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, खसखशीचा केक घेऊन आली आणि चहाचा पेला हातात येण्याआधीच तिचा बांध फुटला.

"आई, यंदा पोरांनी काय विचारलं माहितेय? 'बाई, इगा एवढी म्हातारी कशी झाली?' तपासणीला आलेले साहेबसुद्धा मला इगाच म्हणाले. अडतीस वर्षांची घोडी झालेय मी! नव्या आवृत्तीत दुसरी मुलगी काढ. सोड मला आता."

"मी काय प्रयत्न केला नाही?" बाई करवादल्या. "शेजारच्या दोरोताला बसवलं, भाचीला बसवलं. कुणालाही काढलं तरी तूच उतरतेस. हात दुसरीकडे वळतच नाही गं."

"मग मलाच काढ. आहे तशी, चष्म्यासकट. मोडू दे एकदाची ती सवय."

कालिना खिडकीशी उजेडात बसली. बाई तासभर पेन्सिल चालवत होत्या. बाईंना अगदी मनापासून सुटका हवी होती, लेकीची आणि स्वतःचीही.

शेवटी कालिना उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. कागदावर चष्मा होता, कापलेले केस होते, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शिक्षिकेचा कोट होता. चेहरा मात्र सात वर्षांच्या पोरीचा.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू मला शेवटचं नीट कधी पाहिलंस गं?"

बाई खोटं बोलल्या नाहीत.

"सात वर्षांची होतीस तेव्हा."