फिरोजकाकांच्या लाल बाटल्या

बाटली उघडली की किस्से बाहेर पडतात म्हणे. आमच्याकडे बाटली सहसा उघडायचीच नाही, म्हणून किस्से साठत गेले.

आम्ही म्हणजे चौघं. घोलवडला चिकूची वाडी असलेले फिरोजकाका इराणी आणि खोर्शेदकाकी, चिंचणीत बर्फाचा कारखाना चालवणारे दामूभाऊ, आणि डहाणूच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी मी. दर रविवारी दुपारी काकांच्या ओटीवर जेवायला जमायचो. विषय एकच. नाझनीन.

नाझनीन काकांची एकुलती एक लेक. कॅलिफोर्नियाला गेली ती फळबागांचं शिकून परत यायला. चिकू सुधारणार होती. तिथे द्राक्षांच्या नादाला लागली आणि एका वाइनवाल्याच्या मळ्यात नोकरीला राहिली.

२०१४ साली तिने कुणाच्या तरी हाती पहिल्या दोन बाटल्या पाठवल्या. फोनवर तिने सगळं समजावून सांगितलं. फ्रान्समध्ये ऱ्होन नावाची नदी आहे, तिच्या काठची द्राक्षं कॅलिफोर्नियात लावतात. सिरा, ग्रेनाश, मुर्वेद्र. चार-पाच पिंपंच वाइन करणारे छोटे लोक असतात. त्यांची बाटली दुकानात मिळत नाही, नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागते.

"आपल्या गॅसच्या नंबरासारखं," काका म्हणाले.

एक बाटली उघडली. नाझनीन फोनवरच होती. "वास कसला येतोय सांगा. प्रत्येकाने वेगळं सांगायचं."

दामूभाऊ म्हणाले, "सुक्या बोंबलाच्या टोपलीचा." काकींनी नुसता पेला नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "माझ्या बावाजींच्या चामड्याच्या बॅगेचा." मला काळी मिरी वाटली. तिकडे नाझनीन खूश. "सगळं बरोबर आहे. पप्पा, तुम्हाला?"

काकांनी पुन्हा पुन्हा हुंगलं. घाम फुटला त्यांना. शेवटी म्हणाले, "लाल."

*

पण त्या दिवसापासून काकांना नाद लागला. पोरगी नेमकं काय करते ते कळायलाच हवं, म्हणून ते तसल्याच बाटल्या जमवायला लागले. अमेरिकेहून येणाऱ्या माणसाला दोन बाटल्या आणता येतात. घोलवड-बोर्डीतल्या ज्याचं म्हणून पोर तिकडे होतं, त्याच्या घरी काका पोर यायच्या आदल्या आठवड्यात चिकूची पेटी घेऊन हजर.

जमवलेल्या बाटल्या ठेवायच्या कुठे? या वाइनला गारवा लागतो, आणि मे महिन्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. दामूभाऊ म्हणाले, "माझ्याकडे द्या की."

बाटल्या बर्फाच्या कारखान्यात गेल्या. सगळं छान चाललं होतं. एके सकाळी बर्फ भरण्याच्या गडबडीत एक बाटली बर्फासोबत मचव्यात गेली आणि मचवा समुद्रात.

काका रोज चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन उभे. मचवा परत आला. मासळीखालून बाटली निघाली, बूच शाबूत. फक्त पाण्याने लेबल सुटून गेलेलं. ती कुणाची, कुठल्या सालची, कुणालाच सांगता येईना.

काकांनी ती उजेडात फिरवून फिरवून बघितली. खलाशाला त्यांची दया आली. तो म्हणाला, "शेट, बाटलीचं राहू द्या. पापलेट बघा कसले मिळालेत."

*

मग गुजरातची भानगड.

घोलवड महाराष्ट्राचं शेवटचं स्टेशन. पुढचं उंबरगाव रोड, म्हणजे गुजरात. तिथे दारूबंदी. दामूभाऊ मुंबईहून काकांच्या दोन बाटल्या घेऊन येत होते. दुपारची गाडी, खिडकीतून वारा. डोळा लागला. जाग आली तेव्हा समोरची पाटी गुजराती अक्षरांत.

घाबरून ते उतरले आणि परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले. मांडीवर खोकं. थोड्या वेळाने एक हवालदार शेजारी येऊन टेकला.

"शुं छे आमां?"

"औषध," दामूभाऊ म्हणाले.

हवालदाराने खोकं जरा हलवलं. आतून बाटलीचा आवाज आला. "शानी दवा?"

"हृदयाची."

"कोना हृदयनी?"

"एका बापाच्या. मुलीने परदेशातून पाठवलीय."

 मग परतीची गाडी आली. हवालदाराने खोकं स्वतःच्या हाताने डब्यात चढवून दिलं आणि म्हणाला, "आडवी राखजो. आ दवा ऊभी नथी राखता."

*

मचव्याच्या प्रकारानंतर काकांनी बाटल्या घरी आणून मागच्या गार खोलीत फळीवर ठेवल्या होत्या. त्या संग्रहाची बातमी मुंबईपर्यंत गेली. एक दिवस एक पाहुणे मोठी गाडी घेऊन आले. स्वतः संग्राहक. त्यांनी एकेक बाटली दोन्ही हातांत धरून बघितली. एका बाटलीपाशी तर खुर्चीवर बसलेच. "ही भारतात आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," म्हणाले.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या साध्या पांढऱ्या लेबलाच्या बाटलीकडे गेलं. ती नाझनीनची. नोकरी करता करता मालकाच्या परवानगीने तिने एक पिंप स्वतःचं केलं होतं, त्यातली.

"ही कधी उघडणार?"

"पोरगी येईल तेव्हा," काका म्हणाले.

"आणि ती कधी येणार?"

काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ही वाइन बरोबर झाली अशी तिची खात्री पटेल तेव्हा."

*

२०१८च्या थंडीत तलासरी-डहाणूकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. पूर्वेकडच्या पाड्यांत भिंतींना तडे गेले, लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपायला लागले. काकांच्या वाडीत चिकू तोडायला येणाऱ्या दोन कुटुंबांची घरं राहण्यासारखी उरली नाहीत. काकांनी त्यांना पॅकिंग शेड मोकळी करून दिली.

त्याच दिवशी त्यांनी बाटल्या फळीवरून खाली काढल्या आणि भाताच्या पेंढ्यात निजवल्या. वर पेंढा, खाली पेंढा, दोन बाटल्यांच्या मधेही पेंढा.

रविवारी आम्ही गेलो तर काकी ओटीवर नुसत्या चटईवर पाठ टेकून पडलेल्या. मी विचारलं, "काकी, गादी?"

"गादीत पेंढा भरायचा होता," काकी म्हणाल्या. "संपला."

*

२०१९मध्ये नाझनीन आली. चेहरा उतरलेला. तिचा मालक थकला होता, द्राक्षाचा मळा तिला चालवायला देतो म्हणत होता. तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. इकडे काकांचा गुडघा गेलेला आणि वाडी बघायला कुणी नाही. "मला जमत नसेल तर मी परत येते, पप्पा," ती म्हणाली. काकी त्या दिवशी मला म्हणाल्या, त्यांनी तिची खोली झाडूनही ठेवलीय.

रविवारी काका म्हणाले, "आज आपण चार बाटल्या उघडू. एक तुझी. ओळख."

मी कॉलेजसाठी घेतलेले कोरे काचेचे चंबू आणले होते. स्वयंपाकघरात काकांच्या देखत मी चार बाटल्या चार चंबूंत ओतल्या आणि वर एक ते चार आकडे टाकले. दुसऱ्यात नाझनीनची. काकी पाठमोऱ्या, मासे तळत होत्या.

नाझनीनने पहिली चाखली. "चांगली आहे." दुसरी चाखली, परत चाखली. पेला खाली ठेवला. "हिच्यात चूक काही नाही. पण ज्याने केली तो घाबरत होता. प्रत्येक ठिकाणी हात आखडलाय."

तिसऱ्या चंबूतली चाखली. डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "हे ज्याने केलंय, त्याने आयुष्यात दुसरं काही करू नये."

चौथीला तिने हात लावला नाही. "पप्पा, माझी कुठली?"

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग तिच्याकडे.

"तिसरी," ते म्हणाले.

नाझनीन त्या पेल्याकडे बघत राहिली.  उठून वाडीत गेली, चिकूच्या झाडाखाली उभी राहून तिने फोन लावला. वाऱ्याने शब्द आमच्यापर्यंत येत होते. मळा घेते, असं ती कुणाला तरी सांगत होती. पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियाला परत येते, म्हणत होती.

दामूभाऊ चौथा चंबू हुंगून बघत होते. काकांनी दुसरा जवळ ओढला आणि आपला पेला काठोकाठ भरला.

खोर्शेदकाकी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या. त्यांनी स्टीलचा पेला पुढे केला.

"मला पण दे," त्या म्हणाल्या. "तुझ्यातलीच."