डावा कौल

कौल डावा पडला. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आमचं डावं पडलं. पाठोपाठ स्वातीचा चेहराही पडला.

स्वाती माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, तासगावच्या द्राक्षबागायतदारांची मुलगी. पाटण खोऱ्यातल्या या देवराईत तिला कमरेएवढं एक झुडूप सापडलं होतं. फुलांचे पांढरे झुबके पापट नावाच्या रानझुडपासारखे, पण पानं कशाशीच जुळेनात. विश्रामबागेतल्या आमच्या लॅबमधली सगळी पुस्तकं चाळून झाली. जात नवी असणार, असं मलाही वाटू लागलं.

पण आमच्या धंद्यात नुसत्या फोटोवर भागत नाही. फुलांसकट एक फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून कायमची जपायची. तिला ‘टाइप’ म्हणतात. पुढे वाद झाला की निकाल तिच्यावरून लागतो. आणि देवराईत फांदी तोडायची तर आधी देवाला विचारायचं.

गुरव आप्पा म्हणाले, “आवं मॅडम, देवानं यंदा न्हाई म्हटलंय. कायमचं न्हवं. म्होरल्या साली परत इचारू.”

डोंगर उतरताना स्वाती हळूच म्हणाली, “मॅडम, एकच काडी. कुणाला कळणार हाय? आपल्या आधी दुसऱ्यानं छापलं तर?”

तिचं खरं होतं. ज्याचं आधी छापून येतं, त्यानं दिलेलं नाव चालतं. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, देवाचा थोडा रागही आला. तरी कटर सॅकमधून बाहेर काढू दिला नाही. ज्या गावानं राई राखली म्हणून हे झुडूप उरलं, त्याच गावात चोरी कशी करायची?

थंडीत पुन्हा गेलो, फक्त बघायला. पापटाची फळं काळी, रसाळ असतात. या झुडपाची मात्र फांदीवरच वाळून तडकली होती आणि आत बारीक बिया होत्या. स्वातीनं तडकलेलं एक फळ पुन्हा पुन्हा निरखलं. तिच्या तयार पेपरात झुडूप पापटाच्या गटात घातलेलं होतं. म्हणजे बाळाला शेजाऱ्याचं आडनाव लावल्यासारखं झालं असतं.

पुढच्या वर्षी कौल उजवा पडला. आप्पांनी स्वतः फांदी कापून दिली. पेपर छापून आला, नाव टिकलं. आप्पा म्हणाले, “देवाला तवाच ठावं हुतं.” मी विज्ञानाची बाई, पेपरची प्रत त्यांच्या हातात दिली.

टाइपसाठी फांदी लागते, हा नियम आहे. ती याच वर्षी लागते, असं नियमात कुठंही नाही. आता स्वातीच्या हाताखालीही विद्यार्थी आहेत. कुणी नवी जात सापडली म्हणून धावत आलं, की ती आधी विचारते, “फळ बघितलंस?”