पेवातली वाफ ओळखणारा रखमाजी

घोडेगावात तेव्हा वैद्य दोन होते आणि दोघांनाही लोक जमेल तितकं टाळत. पण पेव उघडायचं म्हटलं की रखमाजीला टाळायची कुणाची छाती नव्हती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात दोन पुरुष खोल खणलेला खड्डा, तोंडाशी अरुंद आणि खाली रांजणासारखा फुगलेला. त्यात ज्वारी-बाजरी भरायची, तोंडावर शिळा ठेवून माती लिंपायची, की वर्षभर घोर नाही. घोर असे तो उघडताना. कोंडलेलं धान्य आत कसलीशी हवा धरून बसतं. तिला रंग नाही, रूप नाही, आणि आत उतरलेल्या माणसाला ती बोंब मारायलासुद्धा सवड देत नाही. लोक तिला वाफ म्हणत. ती ओळखणारा पंचक्रोशीत एकच, रखमाजी.

त्याचं हत्यार म्हणजे उंच काचेचा रॉकेलचा कंदील आणि हाता-हातावर गाठ मारलेला दोर. पेटता कंदील तो सावकाश पेवात सोडी. ज्योत ताठ राहिली तर हवा चोख. बारीक होऊन मान टाकू लागली तर दोर तिथंच धरायचा. विझली तर कुणी उतरायचं नाही. "तिसऱ्या गाठीला विझला," असं तो नाडी पाहिल्यासारखा चेहरा करून सांगे. मग ओली घोंगडी आत खाली-वर नाचवून हवा ढवळायची आणि पुन्हा कंदील. हे काम कुणालाही जमलं असतं. पण कुणालाही जमेल असं वाटू न देणं, हे एकट्या रखमाजीलाच जमत होतं.

त्या वर्षी श्रावण सरताना आठ दिवस झड लागली. रखमाजी जुन्नरला पाहुण्यांकडे गेला होता. कंदील बरोबर होताच, कारण कंदिलाशिवाय त्याला पाहुणेसुद्धा ओळखत नसत. जुन्नरच्या बाजारात त्यानं करकर वाजणाऱ्या नव्या वहाणा घेतल्या. परतीच्या वाटेवर ओढ्याला पाणी होतं. एका हातात वहाणा, दुसऱ्या हातात कंदील, असा तो पाण्यात शिरला आणि मधोमध पाय घसरला. तोल सावरायला एक हात मोकळा करणं भाग होतं. त्यानं कंदील सोडला.

वहाणा वाचल्या. कंदिलाची काच फुटली आणि सांगाडा वाहून गेला. रखमाजी काठावर बसून स्वतःला बरंच काही बोलला. आजूबाजूला कुणी नव्हतं, एवढंच त्यातलं बरं.

गावात पाय ठेवतो न ठेवतो, तोच सुवालाल शेठचा गडी वेशीत आडवा आला. "रखमाजीभाऊ, तसंच चला. पेवात पाणी शिरलंया. आजच काढलं न्हाई तर समदी ज्वारी कुजंल."

दुकानामागच्या अंगणात शिळा हलवून तयार होती. उतरायला कमरेला दोर बांधून हौशीराम उभा होता. हा रखमाजीचा सख्खा मेव्हणा, म्हणजे त्याची बायको साळुबाई हिचा धाकटा भाऊ. शेजारचे चौघे दोर धरायला आले होते.

"कंदील कुठाय?" शेठनं विचारलं.

शेठच्या घरात तीन कंदील होते. एक मागितला असता तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण मागायचा म्हणजे आपला कुठं गेला ते सांगायचं, आणि पायात तर नव्या वहाणा करकरत होत्या. रखमाजी उगाच शिळेभोवती एक फेरी मारून आला. तेवढ्यात शेठची आई प्यारीबाई मागच्या दारात आल्या.

"रखमाजी, आमचं पर्युषण चालू आहे रे. या दिवसांत मुंगीसुद्धा पायाखाली येऊ देत नाही आम्ही. कंदिलानं धान्यातले सोंडे-किडे जळतील का? दुसरा काही उपाय असला तर बघ, नाहीतर..."

त्या ‘नाहीतर’च्या पुढं काय होतं, ते रखमाजीनं ऐकूनच घेतलं नाही.

"बाईजी, तुमच्या शब्दाम्होरं कंदील काय घेऊन बसला! माझं नाक हाये की." असं म्हणून तो पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसला, डोळे मिटले आणि तीनदा लांब श्वास घेतला. आंबूस वास येत होता. भिजल्या ज्वारीला येतो तसाच. वाफेला मुळात वासच नसतो, हे त्यानं स्वतः शंभर जणांना शिकवलं होतं.

"वाफ गेलीया," तो म्हणाला. "उतर, हौशीराम."

"दाजी, नाक तुमचं आन् जीव माझा, ध्यानात ठेवा."

"तुला काय झालं तर तुझी बहीण मला घरात घेईल व्हय? उतर मुकाट्यानं."

हौशीराम उतरला. डोकं पेवाच्या तोंडाआड गेलं. "दाजी, लई गदमदतंय..." एवढं ऐकू आलं आणि दोर एकदम जड झाला. चौघांनी त्याला ओढून वर घेतलं तेव्हा ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. तोंडावर पाण्याचे हबके मारले, पाठ चोळली, सुपानं वारा घातला. बऱ्याच वेळानं हौशीरामनं डोळे उघडले आणि सगळ्यांत आधी रखमाजीला एक शिवी दिली. ती ऐकून चौघं हसले. जगला म्हणायचा!

मग कुणीतरी म्हणालं, "म्हातारीनं सोंडे वाचवलं, माणूस मारला असता."

रखमाजीनं हे ऐकलं. उद्या सांगू, असं त्याला वाटलं.

उद्यापर्यंत गोष्ट नदीवर पोचली. धुणं धुणाऱ्या बाया प्यारीबाईंना ‘सोंड्यांची आई’ म्हणू लागल्या. प्यारीबाईंनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. "माझ्याच तोंडून शब्द गेला," म्हणाल्या आणि तीन दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिल्या. इकडं साळुबाईनं नवऱ्यासमोर त्यांच्या नावानं बोटं मोडली. रखमाजी भाकरीचा घास चावत राहिला.

पर्युषण संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्यारीबाई रखमाजीच्या दारात उभ्या. तीन उपासांनी वाळलेल्या, सुनेच्या खांद्याचा आधार घेतलेल्या. वर्षभराच्या चुकांची घरोघर जाऊन क्षमा मागायची त्यांच्यात रीत असते. त्यांनी हात जोडले.

"रखमाजी, माझ्या बोलण्यानं तुझ्यावर धर्मसंकट आलं. हौशीरामच्या घरून आत्ताच आले. मला क्षमा कर."

आणि रखमाजी, भला माणूस, काय बोलला? "असू द्या बाईजी," म्हणाला. मोठ्या मनानं.

त्या गेल्या आणि मग रखमाजीच्या ध्यानात आलं. ज्या बाईची माफी मागायची, तिलाच आपण माफ करून बसलो! असला पराक्रम गावात आजवर कुणी केला नव्हता.

बाजाराच्या दिवशी त्यानं धीर केला. पारावरच्या माणसांत उभा राहून ओढा, वहाणा, कंदील, सगळं सांगितलं. सावळेराम तेल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा रे गड्या! म्हातारीचं नाव झाकाया सोताला येडं ठरवतुयास व्हय? असा मानूस न्हाई!" त्याला चहा पाजण्यात आला. रखमाजीनं आणखी दोनदा शपथ घेतली, तसतशी त्याची कीर्तीच वाढत गेली.

मग तो हौशीरामच्या शेतावर गेला. हौशीराम बांधावर गवत कापत होता. सगळं ऐकेपर्यंत त्याचा विळा थांबला नाही. शेवटी थांबला.

"ह्याच का त्या वहाना?"

"ह्याच."

हौशीरामनं वहाणा खालवर निरखल्या. "म्हातारी माझ्या पाया पडली, दाजी. माझ्या! मी पाय मागं घेतला न्हाई." विळा कमरेला खोचून तो उठला. "चला. तुमचं कोन ऐकतंय? मी सांगतो."

शेठच्या दुकानापुढं बाजार अजून उठला नव्हता. हौशीरामनं खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. मरता मरता वाचलेल्या माणसाचं कोण खोटं मानील? सावळेराम तेल्यानं चहाबद्दल काहीतरी पुटपुटून मान फिरवली. लोक हसले. काही जण वाकून वहाणा बघून गेले.

प्यारीबाई बाहेर आल्या. रखमाजीनं हात जोडले, पण नजर काही वर होईना.

"बाईजी, माफी करा."

"करते," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी दारात मला ‘असू द्या’ म्हणालास ना, ते आधी परत घे. चुकीच्या जागी दिलंस."

असं काही परत कसं घेतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रखमाजी सगळ्या बाजारासमोर उभा होता आणि म्हातारी वाट बघत होती.

"घेतो, बाईजी," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

त्यानं मान वर केली आणि पुन्हा म्हटलं.