इंग्रज आला की आले

इंग्रजांवरून आमच्या घरात भांडण होईल असं कधी वाटलं नव्हतं. लेकीच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. इंग्रजी राज्याने आपलं भलं केलं की वाटोळं, असा विषय. ती पुढच्या खोलीत मोठ्याने पाठ करत होती, "इंग्रज आला, त्याने देश लुटला."

हे नुकतेच कंपनीतून येऊन चहा पीत होते. म्हणाले, "आले म्हण. इंग्रज आले."

"पप्पा, चोराला कोणी अहो-जाहो करतं का?"

"तुझे आजोबा करायचे."

सासरे इंग्रजांच्या वेळी पलटणीत होते. गावात त्यांना शेंबडी पोरंही अरे-तुरे करायची, विहिरीला हात लावू देत नसत. पलटणीत पायात बूट आले आणि हजेरीला पूर्ण नावाने हाक आली. म्हातारपणीही ते "साहेब आले, साहेब म्हणाले" असंच बोलायचे.

"बूट दिले, पण लढाई त्यांची आणि मरायला आपण," लेक म्हणाली.

"ते बूट नसते तर तू आज कॉलेजात नसतीस. मी नाही येणार ऐकायला."

मग दोघं शेजारी-शेजारी जेवायला बसून माझ्यामार्फत बोलू लागले. "मम्मी, पप्पांना भाजी हवी का विचार." "तिला सांग, ताटात आहे."

मला दोघांचंही पटत होतं. पण मला चारचौघांत बोलता येत नाही, घरातही फारसं नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "अहो, तुम्ही नसलात तर तिथे मी कोणाशेजारी बसू?"

"खुर्च्या असतात तिथे," हे म्हणाले. सकाळी मात्र शर्टाला इस्त्री करत होते.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. लेक "इंग्रज आला" म्हणाली तसे हे पंख्याकडे बघायला लागले. लुटीचं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या आजोबांना गावाने कधी धड नावाने हाक मारली नाही, ती इंग्रजाने मारली. म्हणून ते त्याला 'आले' म्हणायचे. मी 'आला'च म्हणणार. पण आजोबांचं काय चुकलं, हे मला कोणी..." तेवढ्यात घंटा वाजली.

नंबर आला नाही. बाहेर ह्यांनी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. "पी. घसा बसलाय तुझा."

"तुम्ही कसे काय आलात?"

"तुझ्या मम्मीला शेजार नव्हता."